वेढ्यातला उघडा दरवाजा

१

उत्तरेच्या राजाने राजधानीला वेढा घातला, तोफा तटासमोर आणून उभ्या केल्या, आणि पुढे काहीच केलं नाही.

हे मोठ्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर चाललं होतं. पडद्यासमोर तीन पाहुणे बसले होते. खेळ पसंत पडला तर तो देशोदेशी विकण्याचं काम त्यांच्याकडे जाणार होतं, म्हणून कंपनीतल्या न करकरणाऱ्या तिन्ही खुर्च्या त्यांना दिल्या होत्या.

खेळ समजायला सोपा होता. आधी माणसाने खेळी करायची: सैन्य हलवायचं, गावं वसवायची, शेजाऱ्याची गावं जाळायची. मग हाताची घडी घालून बसायचं आणि संगणकाने, म्हणजे उत्तरेच्या राजाने, आपली खेळी करायची. पुन्हा माणूस, पुन्हा राजा. असं करता करता मधले छोटे राजे आधी संपतात, मग या दोघांपैकी एक जण नकाशावरून पुसला जातो, की डाव संपला.

पाहुण्यांपैकी जाड चष्मेवाले गृहस्थ खेळत होते आणि अगदी मनापासून हरत होते. साहेबांना तेच हवं होतं.

"आता बघा," साहेब हात चोळत म्हणाले, "आता तुमचा निकाल लावतो तो."

निकाल लागेना. चष्मेवाल्यांनी एक खेळी केली. राजाने एक तोफ पुसून पुन्हा जागेवर ठेवल्यासारखी इकडची तिकडे केली. चष्मेवाल्यांनी आणखी एक खेळी केली. राजाने वेढ्यामागचा रस्ता दुरुस्त करून घेतला. मग धान्याची एक गाडी हळूहळू राजधानीच्या पश्चिम दरवाज्याकडे निघाली. राजाचे घोडेस्वार तिच्या वाटेतच उभे होते. ते बाजूला झाले. गाडी आत गेली.

"हा शत्रू आहे की शेजारी?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"शेजारी एवढे चांगले कुठे असतात?" दुसरे पाहुणे म्हणाले, आणि तिघेही पोट धरधरून हसले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येतो, तोपर्यंत तुमच्या राजाची तब्येत बघा, असं सांगून ते गेले.

साहेबांनी दार लावून घेतलं आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"आपल्यातल्याच कुणीतरी हात घातलाय. शुक्रवारपर्यंत नाव कळलं तर तो घरी जाईल. नाही कळलं, तर शत्रू घरी जाईल."

खिडकीजवळ उभ्या असलेल्या शत्रूने चहाचा कप खाली ठेवला.

२

शत्रू हा माणूस होता. खेळात माणसाविरुद्ध लढणाऱ्या संगणकाची अक्कल तो लिहायचा, म्हणून सगळे त्याला शत्रू म्हणत आणि तो ओ देई. 'शत्रूला ताप आहे, आज येणार नाही' असा निरोप आला तर कुणाला त्यात वावगं वाटत नसे. एकदा त्याच्या आईचा फोन कामावर नव्याने लागलेल्या मुलीने घेतला आणि 'शत्रू जेवायला गेलेत' म्हणून सांगितलं, तेव्हा मात्र आईने घाबरून फोन ठेवून दिला होता. मागची नोकरी सोडून, चार शहरं ओलांडून तो या कामासाठी आला होता. परत जायला त्याच्याकडे जागा नव्हती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो स्वतःबद्दल एवढं एकच वाक्य बोलला होता.

साहेबांनी तपासाला मामांना नेमलं.

मामा हे कंपनीचे चाचणीवाले. रोज सकाळी येऊन संगणकाविरुद्ध खेळायचं, कुठे काय चुकतंय ते बघायचं, आणि बहुतेक वेळा हरायचं, हे त्यांचं काम. त्यांची बहीण तिथे कामाला नव्हती, भाचाही नव्हता. पण पन्नाशी उलटलेला, अर्ध्या बाहीचा स्वेटर घालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस दिसला की लोकांना त्याला काहीतरी नातं चिकटवावंसं वाटतंच.

"मीच का?" मामांनी विचारलं. "मी तर त्या खोलीतसुद्धा नव्हतो. नवी अक्कल घातल्यावर मला एकदा खेळून बघू द्या म्हटलं होतं, तर तुम्ही म्हणालात, वेळ नाही, थेट पाहुण्यांसमोरच लावू."

"ते जाऊ द्या. तुम्ही राजाला सगळ्यांत जास्त ओळखता. वर्षानुवर्षं त्याच्या हातचा मार खाताय. आणि दुसरं म्हणजे..." साहेब जरा थांबले. त्यांना कौतुकच करायचं होतं. "तुमचं इथे कुणाशी गूळपीठ नाही, कुणाशी भांडण नाही. कुणाबरोबर जेवायला बसत नाही. तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस मला कुठे मिळणार?"

मामा 'बरं' म्हणाले.

बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, "आता खरे मामा झालात! शिट्टी आणि टोपी तेवढी राहिली."

मामा हसले, आपल्या कोपऱ्यातल्या खोलीत गेले आणि त्यांनी डबा उघडला. डबा खाता खाता आपला एखादा जुना डाव काढायचा, दोन-चार खेळ्या करायच्या आणि डाव मिटून ठेवायचा, ही त्यांची दुपारची सवय. आज त्यांनी डाव काढला नाही. संशयित किती, ते बोटांवर मोजलं. राजाच्या डोक्यात हात घालू शकणारी माणसं तीनच होती: तराजू, नकाशेवाली, आणि स्वतः शत्रू.

३

तराजू म्हणजे खेळातली वजनं-मापं ठरवणारा गृहस्थ. एका तोफेबरोबर किती भालेकरी, एका पोत्यात किती दिवस सैन्य चालेल, हे तो ठरवायचा. घरी बायकोने भाजीत मीठ जास्त घातलं तरी तो म्हणे 'समतोल बिघडला', असा बायकोचाच आरोप होता.

"काय मामा, चौकशीला आलात की चहाला?"

"दोन्हीला."

"मग बसा. चहा संपलाय."

मामा बसले. "तुझं आणि शत्रूचं काय वाकडं आहे?"

"त्याचं आणि माझं काही नाही हो. त्याच्या राजाचं आणि माझं आहे." तराजू पुढे झुकला. "मी रात्रंदिवस डोकं फोडून सगळ्यांना सारखं वजन देतो. आणि तुम्ही खेळ 'कठीण' वर लावला की राजाला सैनिक अर्ध्या शिध्यात मिळतात! माणसाला एक पोतं लागतं तिथे त्याला अर्धं. का? तर अक्कल कमी पडते, म्हणून वरून खुराक."

"सगळ्याच खेळांत असं करतात म्हणे."

"खेळांतच कशाला? आमच्या साहेबांचा मेहुणा बघा की."

मामांनी मेहुणा बाजूला ठेवला. "तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, एक दिवस त्या राजाचा शिधा तोडीन म्हणून."

"म्हणालो होतो."

"मग?"

तराजूने मान वळवून दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"मग तोडला," तो म्हणाला. "पाहुणे यायच्या आदल्या दिवशी. मामा, हात घातला तो मीच."

४

मामांना क्षणभर वाटलं, संपलं काम. खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण काहीतरी बसत नव्हतं.

"शिधा तोडल्यावर राजा काय करतो?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? उपाशी सैन्य. अर्धे लोक वाटेतून घरी पळतात."

"पण त्या दिवशी राजाचं सैन्य भरलेलं होतं. तोफा, घोडे, सगळं जागच्या जागी. वर रस्ता दुरुस्त करायलाही माणसं होती. उपाशी सैन्य रस्ते बांधतं का?"

तराजूचा चेहरा पडला. त्याने कबूल केलं की शिधा तोडला खरा, पण घरी जाऊन झोप लागेना, म्हणून सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा होता तसा केला. "तेवढं साहेबांना सांगू नका, मामा. बंडखोर म्हणून नाव तरी होऊ दे."

मामा नकाशेवालीकडे गेले. ही बाई डोंगर, नद्या, खिंडी काढायची आणि न बघितलेल्या मुलखावर धुकं पसरायची. धुकं काढण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. तिच्या टेबलावर तीन पडदे, दोन कुंड्या आणि 'बोलू नका' अशी पाटी होती. ती पाटी इतरांसाठी होती.

"या मामा. माझ्यावर संशय का, ते मीच सांगते. मी शत्रूशी वर्षभर बोलत नाहीये."

"का?"

"मी जीव तोडून धुकं काढायचं. माणसाने त्या धुक्यात चाचपडायचं. आणि याचा राजा? त्याला धुकं दिसतच नाही! अख्खा नकाशा स्वच्छ. तुम्ही दरीत लपवलेली पलटण त्याला पहिल्या खेळीपासून माहीत असते, आणि तो मात्र अचानक सापडल्याचा आव आणतो. इतका खोटारडा माणूस मी लग्नानंतर दुसरा पाहिला नव्हता."

"मग तू वाट अडवलीस? राजधानीपाशी एखादा कडा वाढवलास, आणि राजाला तटापर्यंत जाताच येईना?"

"सुचलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "पण मी तसं केलं असतं तर काय झालं असतं, तुम्हीच सांगा. वाट सापडली नाही की राजा काय करतो, तुम्ही हजारदा पाहिलंय."

मामांनी पाहिलं होतं. वाट सापडली नाही की संगणकाचं सैन्य भिंतीला डोकं घासणाऱ्या माशीसारखं एकाच जागी घुटमळतं. एकामागून एक पलटण येऊन त्याच खोपच्यात शिरते.

"तुम्ही तो डाव डोळ्यांनी बघितलात का?" तिने विचारलं.

"नाही. नुसता ऐकला."

"अहो, तपास करताय की कीर्तन ऐकताय? हा घ्या." तिने पाहुण्यांचा डाव मधल्या पडद्यावर लावला. "उत्तर दरवाजा बंद. पूर्व बंद. दक्षिणेला तोफा. आणि पश्चिमेला बघा. घोडेस्वार दरवाज्यापर्यंत येतात, एक घर अलीकडे थांबतात. पुढच्या खेळीला पुन्हा तेच. वेढ्यातलं शहर उपाशी पडलं की आपोआप शरण येतं, हा आपल्या खेळाचा नियम. म्हणून त्याने एक दरवाजा मोकळा ठेवलाय. गाडी आली की वाट देतो. मूर्खपणा असता तर कुठेतरी वेडावाकडा झाला असता. हा किती नीटनेटका आहे बघा."

मामा पडद्याकडे बघत राहिले. दुकानाच्या काचेत एखादा पोक काढून चालणारा माणूस दिसावा, हा कोण बुवा म्हणून आपण बघावं, आणि ओळख लागता लागता काच संपावी, तसं झालं.

"मामा," नकाशेवाली म्हणाली, "हा घाबरलेला नाहीये. हा त्या शहराला जिवंत ठेवतोय."

५

शत्रू आपला खण रिकामा करत होता. खणात फारसं काही नव्हतं, त्यामुळे तो सावकाश करत होता.

"अजून शुक्रवार आला नाही," मामा म्हणाले.

"सवय करून ठेवतोय."

मामा स्टूल ओढून बसले. दोघेही न बोलण्यात तयारीचे होते, म्हणून सुरुवात मामांनाच करावी लागली.

"राजाला भीती तू शिकवलीस?" शेवटी मामांनी विचारलं.

"नाही. भीती शिकवायला फार वेळ लागतो. तेवढी मुदत नव्हती." शत्रू खणातली एक टाचणी निरखत म्हणाला. "जुना राजा कसा लढायचा, तुम्हाला माहीत आहे. जवळचं आणि दुबळं शहर बघायचं, आणि सुटायचं. बास. साहेबांना ते आवडेना. म्हणाले, यंत्रासारखा वाटतो, मला माणसासारखा शत्रू पाहिजे. मग मी माणसांकडूनच शिकवलं त्याला. कंपनीत आजवर खेळलेले सगळे डाव साठवलेले आहेत. ते त्याच्यासमोर ठेवले. ज्या डावांचा शेवट चांगला, त्यांत माणूस काय करतो ते बघ आणि तसंच कर."

"शेवट चांगला हे त्याला कसं कळणार?"

"डाव मिटताना खेळ विचारतो ना, डावाचं काय झालं? माणूस एक शब्द लिहितो. जिंकला, हरला, सोडला. मी हरलेले आणि सोडलेले काढून टाकले. जिंकलेले घेतले." तो थांबला. "आणि राखलेले."

खोलीत पंखा फिरत होता. मामांना तो एकाएकी फार मोठ्याने फिरतोय असं वाटलं.

"राखलेले म्हणजे?"

"'राखला' असं लिहिलेले. म्हणजे गड राखला. शेवटपर्यंत पडू दिला नाही." शत्रूच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला. "आणि असे डाव थोडेथोडके नव्हते, मामा. ढीगभर! मी म्हटलं, आपल्यात कुणीतरी जबरदस्त खेळाडू आहे. एकदाही पडला नाही. मी त्या डावांना इतरांपेक्षा दुप्पट किंमत दिली."

"उघडून बघितलेस?"

"एवढे डाव कोण बघत बसणार? खुणा मोजल्या." त्याने टाचणी परत खणात ठेवली. "कोण असेल तो, काही कल्पना आहे? नावं मी आधीच काढून टाकली होती. कुणाची खाजगी गोष्ट उघडी नको पडायला."

"बघतो," मामा म्हणाले आणि उठले. दारापर्यंतची वाट त्यांना नेहमीपेक्षा लांब वाटली.

६

मामांचं घर दोन खोल्यांचं. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, त्यांतल्या एकीवर कपड्यांची घडी. मामी मुलीच्या बाळंतपणाला म्हणून परदेशी गेल्या होत्या. त्या बाळाचे आता दुधाचे दात पडत होते. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिकडे गरज होती, इकडे नव्हती, एवढंच. फोन येई.

त्या संध्याकाळीही आला.

"जेवलात?"

"बसतोय आता."

"काय नवीन?"

मामांना सांगावंसं वाटलं की, आज मी एक चोर पकडला. पण पलीकडे नातीने काहीतरी सांडलं, मामी 'अगं अगं' करत धावल्या, आणि फोन तसाच बंद झाला.

मामा हातात फोन घेऊन बसून राहिले.

राखला. त्यांनी तो शब्द साध्या अर्थाने लिहिला होता. एखादी जागा रुमाल टाकून राखावी, पाहुण्यासाठी घासभर राखून ठेवावं, तसा डाव राखून ठेवला. पुन्हा यायचं म्हणून. शत्रू घरातला नव्हे, तर किल्ल्यावरचा अर्थ घेऊन बसला. शब्द एकच. तो एकाने लिहिला, दुसऱ्याने वाचला, आणि मधल्यामध्ये राजाने लढाई सोडून दिली.

डावच्या डाव मामांनी असेच ठेवले होते. बाकीचे राजे संपवायचे, उत्तरेच्या राजाला एका शहरापर्यंत रेटत न्यायचं, तीन दरवाजे बंद करायचे आणि चौथा मोकळा सोडायचा. हे लबाडीने नाही, की खेळ येत नाही म्हणून नाही.

मार्ग सोपा होता. उद्या कुणालाही न सांगता ते सगळे डाव निकालात काढायचे. शेवटचं शहर घेतलं की डावावर 'जिंकला' असं लिहिता येतं. राजाला पुन्हा शिकवलं की तो पुन्हा लढेल. मामांची गोष्ट मामांपाशी राहील, आणि चोर मिळाला नाही एवढंच होईल.

चोर मिळाला नाही, की शत्रू घरी जाईल.

मामांनी खुर्चीवरची कपड्यांची घडी उचलली, कपाटात ठेवली, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवले. उद्या सगळ्यांना सांगायचं ते त्या खुर्चीसमोर बोलून बघायला हरकत नव्हती. पण पहिलं वाक्यच तोंडातून बाहेर पडेना, आणि उद्या तर खुर्च्या भरलेल्या असणार होत्या.

७

"सापडला?" साहेबांनी विचारलं.

मोठ्या खोलीत सगळे जमले होते. तराजू, नकाशेवाली, आणि दाराजवळ उभा शत्रू. बसायला जागा होती, पण तो उभा होता.

"सापडला," मामा म्हणाले. "आधी कोण नाही ते सांगतो. तराजू नाही. शिधा तोडला असता तर राजा राजधानीपर्यंत पोचलाच नसता."

तराजूने आपण बंडखोर नसल्याचं दुःख चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"नकाशेवाली नाही. वाट अडवली असती तर सैन्य घुटमळलं असतं. हे सैन्य तर आलं, थांबलं, बाजूला झालं. त्याला सगळी वाट माहीत होती. आणि शत्रूही नाही."

"का नाही?" साहेब म्हणाले. "अक्कल त्याचीच ना?"

"त्याची अक्कल असती तर पश्चिम दरवाजा उघडा राहिला नसता. शहराला उपाशी मरू द्यायचं नाही, म्हणून एक दरवाजा सोडायचा, हे कुठल्याही यंत्राला सुचत नाही. ते माणसाचं काम. राजाने ते एका माणसाकडून उचललं. त्या माणसाने शेकडो डाव असे ठेवले, आणि प्रत्येकावर 'राखला' लिहिलं. त्याला म्हणायचं होतं, राखून ठेवला. शत्रूला वाटलं, गड राखला. त्याने त्या माणसाला मोठा सेनापती समजून राजाला त्याचा चेला केलं."

"कोण तो शहाणा?"

मामांनी स्वेटरची बाही खाली ओढली. ती अर्धीच होती, त्यामुळे फार कुठे गेली नाही.

"मी."

साहेबांनी मामांकडे चष्म्याच्या वरून पाहिलं.

"पण का? मामा, तुम्हाला जिंकता येत नव्हतं?"

"येत होतं."

"मग?"

"साहेब, राजा हरायला आला की दर खेळीला एक निरोप पाठवतो. 'तह करायचा का?' 'हो' आणि 'नंतर' अशी दोन बटणं येतात. मी 'नंतर' दाबतो. दुसऱ्या दिवशी डाव उघडला की तो पुन्हा विचारतो." मामा टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होते. "मला रोज काहीतरी विचारणारं दुसरं कुणी नाही. शहर घेतलं असतं तर तोही गेला असता. तेवढ्यासाठी."

नकाशेवाली पडद्यावर काहीच नसताना पडद्याकडे बघू लागली. तराजूने खोकण्याचा विचार केला आणि रद्द केला.

"पाहुण्यांना हे मी कसं सांगू?" साहेबांचा आवाज चढला. "आमच्या चाचणीवाल्यांना करमत नाही, म्हणून आमचा राजा लढत नाही?"

"तसं सांगू नका. सांगा, एका शब्दाचा घोटाळा झाला. आणि तुम्ही म्हणाला होतात, हात घातला तो घरी जाईल. तर मी जातो. शत्रूचा यात काही दोष नाही."

"थोडा आहे," दाराजवळून शत्रू म्हणाला. "मी डाव उघडून बघायला हवे होते."

"आणि चाचणी न करता पाहुण्यांसमोर लावायला नको होतं," नकाशेवाली कुंडीशी बोलावं तसं म्हणाली.

हे कुणाला उद्देशून होतं ते साहेबांना बरोबर कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"घरी कुणी जायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही गेलात तर रोज हरणार कोण? मला जमणार नाही. पण मामा, ते राखलेले डाव शुक्रवारच्या आत संपले पाहिजेत. एकही शिल्लक नको. हा हुकूम समजा."

८

मामा दोन दिवस शहरं घेत बसले. काम सोपं होतं: पश्चिम दरवाज्यावर घोडेस्वार एक घर पुढे सरकवायचे, की झालं. प्रत्येक वेळी राजा विचारायचा, 'तह करायचा का?' आणि प्रत्येक वेळी मामा 'नंतर' दाबून त्याला पुसून टाकायचे. दुपारी डबा तसाच राहिला.

शेवटचा डाव उरला तेव्हा खोलीच्या दारावर टकटक झाली. त्या दारावर टकटक करायची पद्धत नव्हती, कारण तिथे कुणी येतच नसे. मामांना 'या' म्हणायला थोडा वेळ लागला.

शत्रू आत आला. एका हाताने खुर्ची ओढत आणली होती. मामांच्या खोलीत दुसरी खुर्ची नाही, हे त्याने बाहेरूनच हेरलं असावं.

"किती राहिले?"

"हा एक."

शत्रू बसला. पडद्यावर एक चिमुकलं शहर, तीन दरवाजे बंद, चौथा मोकळा. आणि मधोमध राजाचा निरोप: तह करायचा का?

"घ्या की," शत्रू म्हणाला.

"घेतो." मामांनी घेतलं नाही.

शत्रू निरोपाकडे बघत होता. "मामा, डाव संपवायला शहर घ्यायलाच पाहिजे असं नाही. तह केला तरी संपतो."

"तुला खात्री आहे?"

"तसं लिहिलंय. म्हणजे माझ्या आधीच्या माणसाने लिहिलं होतं. तुम्ही 'हो' दाबून बघितलं असेल ना कधी?"

"नाही."

"एवढ्या वर्षांत? तुम्ही चाचणीवाले!"

"तू तरी दाबलंस?"

"नाही," शत्रू म्हणाला. "मला वाटलं तुम्ही बघितलं असेल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तोफा तपासून झाल्या होत्या. शिधा, धुकं, खिंडी, घोडे, जाळपोळ, विश्वासघात, सगळं शंभरदा तपासून झालं होतं. तहाकडे कंपनीतलं कुणी कधी फिरकलंच नव्हतं.

मामांनी 'हो' दाबलं.

राजाच्या किल्ल्यावरचा झेंडा खाली आला. तोफा नाहीशा झाल्या. चारही दरवाजे उघडले. मग सगळं जागच्या जागी थिजलं. पडद्यावर एक छोटं चाक फिरू लागलं आणि त्याच्याखाली अक्षरं उमटली: पुढचा शत्रू शोधत आहे.

चाक फिरत राहिलं. मामांनी एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. काही होईना.

"अडकला," शत्रू पुढे वाकून म्हणाला. "तह झाला की तो लढायला दुसरा कुणीतरी शोधतो. बाकीचे राजे तुम्ही आधीच मारलेत. आता कुणीच नाही, तरी बिचारा शोधतोय."

"किती वेळ शोधेल?"

"वीज जाईपर्यंत."

मामांनी चाकाकडे पाहिलं, आणि मग शेजारच्या खुर्चीकडे.

"त्याला म्हणावं, कशाला उगाच वणवण करतोस," मामा म्हणाले. "इथे बसलाय."

शत्रू एवढ्या मोठ्याने हसला की बाहेरून नकाशेवालीने 'काय झालं?' म्हणून ओरडून विचारलं.